आठनंतरचा आकडा

विनी प्राउटीला मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती माझ्यावर ओरडत होती. कॉलेजचा पहिलाच आठवडा. नदीकाठी आम्ही नव्या पोरी नाव उचलायला शिकत होतो, आणि माझ्या कोपराला लागेल एवढीशी एक मुलगी भावाची जुनी टोपी कानांवर ओढून मला म्हणाली, "ए खांब, गुडघे वाकव. पाठ मोडलीस तर तुझी तू निस्तर. नाव मोडलीस तर मला जाब द्यावा लागेल."

"तू कोण टिकोजीराव लागून गेलीस?" मी विचारलं.

"तुझी तांडेल," ती म्हणाली आणि पुढच्या मुलीवर ओरडायला गेली.

मला राग आला. मला राग पटकन येतो, जोडी हे माझं नाव सांगून आमच्या गावात कुणालाही विचारा. पण त्याच दुपारी तिने आम्हाला पाण्यात नेलं आणि माझी बोलती बंद झाली. आठजणींच्या नावेत वल्हवणाऱ्या सगळ्या पाठमोऱ्या जातात. नाव कुठे चाललीय ते एकीलाही दिसत नाही. मागच्या टोकाला सुकाणूच्या दोऱ्या धरून तांडेल बसते, पुढचं दिसतं ते तिला एकटीला. आणि आठव्या जागेवरची, म्हणजे मी, तिच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून. तीन वर्षं मी नदी पाहिली ती विनीच्या चेहऱ्यावर. पूल आला की तिची डावी भुवई वर जायची, खडक आला की ओठ आत जायचे. ती कधी घाबरलेली मी पाहिली नव्हती.

विनी व्हरमाँटच्या डोंगरातली. घरी गाई, मॅपलची झाडं आणि चार थोरले भाऊ. जेवताना मीठ मागितलं तर तिसऱ्या हाकेला मिळायचं, असं ती हसत सांगायची. नावेत मात्र आठ धिप्पाड मुली तिच्या एका शब्दावर थांबायच्या. ती जागा तिला किती हवी होती ते तिने कधी तोंडाने सांगितलं नाही, पण मी समोरच बसायचे ना.

अडचण एवढीच की मार्चमध्ये त्यांच्याकडे मॅपलच्या झाडांचा रस काढून, उकळून त्याचा गोड पाक करायचा हंगाम, घरातलं मांजरसुद्धा कामाला लागतं. आणि आमची सुट्टी नेमकी मार्चमध्ये. बाकीचं कॉलेज फ्लोरिडाला जाऊन अंगाला तेल चोपडून वाळूत लोळायचं. आम्ही वेड्या, नावा ट्रेलरवर उपड्या बांधून दक्षिणेला कॅरोलायनातल्या एका तलावावर जायचो, कारण आमची नदी अजून गोठलेली असायची. तिथे दिवसातून दोनदा तळहात फोडून घ्यायचे आणि शेंगदाण्याचं लोणी लावलेले पाव खात चटयांवर पडायचं. याला आम्ही सुट्टी म्हणायचो.

पहिली नाव म्हणजे कॉलेजच्या सगळ्यात निवडक आठजणींची. तिसऱ्या वर्षी निघताना विनीच्या वडिलांनी तिला सांगितलं, "पहिली नाव मिळाली तर पुढच्या मार्चलाही जा, मी अडवणार नाही. नाही मिळाली तर दुसऱ्यांच्या पोरींवर ओरडायला इतक्या लांब कशाला? घरी ये आणि रस उकळ." आणि आमच्या कोच हॅस्किन्सबाईंनी तलावावर पोचल्या पोचल्या जाहीर केलं की शनिवारी पलीकडच्या काठावर उतरलेल्या कॉलेजशी शर्यत आहे, विनी जिंकली तर पहिली नाव तिची, हरली तर टेसची. टेस पहिल्या वर्षाची तांडेल होती. चांगली पोरगी होती बिचारी, मला तरी तिचा राग येत नव्हता, आणि माझ्यासारखीने असं म्हणणं म्हणजे काय समजा.

सोमवारी पहाटे तलावावर धुकं होतं. माझ्या वल्ह्याचं टोक मला दिसत नव्हतं. नाव सुटण्याआधी मोजणी होते, रोज होते. तांडेल म्हणते, "पुढून मोजा," आणि पुढच्या टोकापासून एकेक जण आपापला आकडा ओरडते, म्हणजे सगळ्या जागेवर आहेत, तयार आहेत. एक, दोन, तीन असं करत माझ्यापर्यंत आलं. मी "आठ" म्हटलं. तिथे मोजणी संपते. विनीने "चला" म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मग तिने मान वळवून मागे पाहिलं.

तांडेलच्या मागे काही नसतं. हातभर नाव आणि मग पाणी.

"काय गं, मागून बस येतेय की काय?" मी म्हटलं.

"आठनंतर कोण बोललं?"

"आठनंतर कोण बोलणार? मी शेवटची."

"हं," ती म्हणाली. "चला."

मंगळवारी तेच झालं. मी "आठ" म्हटलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. या वेळी तिने मागे पाहिलं नाही. दोऱ्या धरलेल्या तिच्या मुठी पांढऱ्या झाल्या होत्या. नाव तिने सरळ नेली, हुकूमही ठणठणीत दिले, पण दोन तास तिची नजर आमच्या डोक्यांवरून पुढे लागलेली आणि मान ताठ, पाठीमागे कुणी उभं असल्यासारखी.

वल्ही धूत असताना मी तिला गाठली. "बोल."

"काय बोलू?"

"विनी, मी दिवसातले चार तास तुझं थोबाड बघते. मला शेंड्या लावू नकोस."

तिने आजूबाजूला पाहिलं. "तू आठ म्हणतेस. मग माझ्या मागून कुणीतरी नऊ म्हणतं. मुलीचा आवाज आहे. अगदी हळू, शाळेत हजेरी घेताना लाजरी मुलगी म्हणते तसा. जोडी, नऊ म्हणजे मी. नावेत नववी मीच असते."

माझ्या अंगावर काटा आला, म्हणून मी तिच्यावर चिडले. "मग कोचला सांग!"

"वा! तांडेलला मागून आवाज येतात हे ऐकल्यावर कोच मला नावेत बसवेल? टेसचं भलं होईल तेवढं."

मी हातातलं वल्हं आपटून ठेवलं.

आम्ही उतरायचो त्या कॅम्पवर मिस अर्लीन नावाची म्हातारी स्वयंपाक करायची. बुधवारी आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात गेलो. ती ओट्यावर बिस्किटांचं पीठ थापत होती. विनीने सरळच विचारलं, "मिस अर्लीन, या तलावात कुणी तांडेल बुडाली होती का?"

म्हातारीचे हात थांबले. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. म्हणून तर विचारतेय."

मिस अर्लीनने दार लोटून घेतलं. "हे बघ राणी, मालकांनी मला बजावलंय, पाहुण्या पोरांना हे सांगायचं नाही. पण तू विचारलंस आणि मी चर्चला जाणारी बाई, खोटं कसं बोलू? फार वर्षं झाली त्याला. तुमच्यासारख्याच उत्तरेकडच्या पोरी होत्या. शर्यत जिंकल्या. जिंकल्यावर तुम्ही काय करता ते तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक होतं. जिंकलेल्या नावेच्या मुली आपल्या तांडेलला हातापायांना धरून झोका देतात आणि धक्क्यावरून पाण्यात फेकतात. हा मान आहे. जिंकूनही ज्या तांडेलला कुणी फेकत नाही, तिला नावेने आपली मानलेलं नाही असा त्याचा अर्थ होतो.

"फेकली तिला," मिस अर्लीन म्हणाली, "आणि हसत, गात वर आल्या न्याहारीला. प्रत्येकीला वाटलं, ती दुसऱ्या बाजूच्या शिडीने वर गेली असेल, कपडे बदलत असेल. मी ताटं वाढली होती. एक ताट उरलं. मी विचारलं, पोरींनो, हे कुणाचं गं? तेव्हा एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या." तिने पिठाचे हात पदरावर, म्हणजे तिच्या एप्रनवर, पुसले. "धक्क्याखालच्या खांबांत अडकलं होतं लेकरू. पाणी गार, श्वास कोंडला असेल. पोहायला येत होतं हो तिला."

बाहेर आल्यावर विनी पायरीवर बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "जोडी, मोजणी कोण घेतं?"

"तू घेतेस."

"तांडेल घेते. आणि तांडेलच पाण्यात होती. मग तिला मोजणार कोण?"

मी तिला म्हटलं, जिंकल्यावर कुणी तुला हात लावला तर मी त्याचा हात मोडीन. मी खरंच मोडला असता. ती म्हणाली, "आणि कारण काय सांगशील? शिवाय मला पहिली नाव हवीय. न फेकलेली तांडेल घेऊन कुणी पहिल्या नावेत बसत नाही. मुलींचा विश्वासच बसणार नाही माझ्यावर."

म्हणजे पंचाईत अशी झाली की तिला जे हवं होतं आणि ज्याची तिला धास्ती बसली होती, ते दोन्ही त्या एकाच धक्क्यावर होतं. हरली तर पाण्यात जायचं नाही, पण मग घरी बसून रस उकळायचा. जिंकली तर पाण्यात जायचं. गुरुवारी आणि शुक्रवारी ती नाव चालवत होती आणि मी तिचा चेहरा बघत होते, आणि मला एकच भीती होती की शनिवारी ती मुद्दाम सुकाणू ओढून धरेल. तिने तसं केलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मला एकटीला कळलं असतं, आणि देवाशप्पथ सांगते, मी तिला दोष दिला नसता.

शनिवारी सकाळी पाणी आरशासारखं होतं. सुरुवातीच्या रेषेवर दोन्ही नावा उभ्या. पलीकडच्या तांडेलने मोजणी घेतली, मग विनीने. "पुढून मोजा." एक. दोन. आकडे माझ्याकडे आले. मी "आठ" म्हटलं आणि विनीच्या ओठांकडे बघत राहिले. ओठ घट्ट मिटलेले होते.

"नऊ," कुणीतरी म्हणालं.

मी ऐकलं. माझ्या या दोन कानांनी ऐकलं. आवाज विनीच्या पाठीमागून, पाण्याच्या पातळीवरून आला. घसा बसलेला, ठसका लागून गेल्यावर होतो तसा. विनीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिला कळलं की मलाही ऐकू आलं, आणि आश्चर्य म्हणजे तिचा चेहरा सैल झाला. वेड लागलं नव्हतं तिला, एवढं तरी नक्की झालं.

तेवढ्यात झेंडा पडला.

त्या शर्यतीबद्दल मी फारसं सांगू शकत नाही, मला फक्त तिचा चेहरा आठवतो. अर्ध्यापर्यंत आम्ही मागे होतो. मग तिने आमच्या नावांनी हाका मारायला सुरुवात केली, एकेकीला, शिव्या देत, लाडीगोडी लावत. "जोडी, खांबा, आज मला घरी पाठवणारेस का? पाठवणारेस का, सांग!" शेवटच्या टप्प्यात तिचा उजवा हात दोरीवर जरा ताणला गेलेला मी पाहिला. मग तिने बोटं सैल सोडली. दोरी मोकळी झाली, नाव सरळ धावली आणि आम्ही वल्हंभर पुढे राहून जिंकलो.

धक्क्याला लागल्या लागल्या सगळ्यांनी तिला घेरलं. मी मध्ये पडले. "थांबा! कुणी तिला हात लावायचा नाही!"

"काय झालं हिला?" "जोडीला ऊन लागलं वाटतं!" पोरी हसायला लागल्या.

विनीने माझा दंड धरला. "फेकू दे त्यांना," ती म्हणाली. "पण ऐका गं सगळ्या. मी वर येईपर्यंत एकीनेही इथून हलायचं नाही. न्याहारी गेली खड्ड्यात. समजलं?"

"जी हुजूर!" त्या ओरडल्या आणि तिला उचललं. एक झोका, दुसरा झोका, आणि विनी टोपीसकट पाण्यात गेली.

आम्ही आठही जणी धक्क्याच्या कडेला वाकून उभ्या राहिलो. वर्तुळं पसरली आणि विरली. टोपी वर आली. विनी आली नाही.

"नाटकं करतेय," कुणीतरी म्हणालं.

मी उडी टाकली. पाणी असं गार की छाती आवळली गेली. डोळे उघडले तर सगळं शेवाळी हिरवं. मी धक्क्याखाली घुसले, खांबांमधून हात फिरवत राहिले, आणि माझ्या हातात हात आला. लहान हात. त्याने माझी बोटं धरली आणि मी त्याला ओढत वर आले, डोकं पाण्याबाहेर काढलं, एका खांबाला मिठी मारली.

"अगं, मी इथे आहे!" विनी ओरडली.

ती धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला शिडीवर उभी होती, केस चेहऱ्यावर चिकटलेले, नखशिखान्त भिजलेली. सगळ्या टाळ्या पिटत तिच्याकडे धावल्या. आणि माझ्या हातात, पाण्याखाली, तो हात अजून होता.

तो मला खाली ओढत नव्हता. हे मला नीट सांगायचंय, कारण लोक नेहमी तेच विचारतात. जत्रेत गर्दी झाली की लहान मूल आईचा हात धरतं, तसा त्याने मला धरला होता. मी खाली पाहिलं नाही. मला वाटलं मी पाहिलं तर मरेन.

विनीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी तिचा चेहरा तीन वर्षं वाचला होता, तसाच तिनेही माझा वाचलेला असणारच. ती धावत आली, धक्क्यावर पालथी पडली, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि माझ्या मनगटावरून चाचपत खाली गेली. तिची बोटं थांबली. तिलाही लागला तो हात.

"पुढून मोजा," ती म्हणाली.

"काय?"

"मोजा म्हणते ना!"

तांडेलचा तो आवाज ऐकल्यावर पाठीचा कणाच आधी हलतो. पोरी कुडकुडत मोजायला लागल्या. एक. दोन. तीन. अर्ध्या हसत होत्या अजून. मी खांबाला धरून पाण्यातूनच "आठ" म्हटलं.

मग आवाज आला. या वेळी सगळ्यांनी ऐकला. कुणी किंचाळलं नाही. माझ्या वरच्या फळ्यांवरची पावलं मात्र एकदम मागे सरकली.

"दहा," विनी म्हणाली. तिचे दात वाजत होते. "सगळ्या आल्या. कुणी राहिलं नाही. चला आता वर."

माझ्या बोटांभोवतीची पकड हळूहळू सुटली. मी शिडीने वर आले आणि धक्क्यावरच ओकले.

त्या मोसमात पहिली नाव विनीचीच होती. आम्ही बहुतेक शर्यती हरलो, त्याला तिचा इलाज नव्हता, आमच्यातच दम नव्हता. वडिलांनी दिलेला शब्द पाळला आणि पुढच्या मार्चलाही ती तलावावर आली. त्या दिवसाबद्दल आम्ही नऊजणी आपसात कधी बोललो नाही. कोचला आजही ठाऊक नाही.

आता आम्ही चाळिशीला टेकलोय. विनी तिच्याच गावच्या कचेरीत कारकून आहे. कुत्र्यांचे परवाने देते, लग्नाचे दाखले देते आणि काउंटरवर उगाच घोळ घालणाऱ्यांना झापते. लग्न केलं, मोडलं. भाऊ अजूनही मीठ देत नाहीत. आणि दर मार्चला, ऐन रसाच्या दिवसांत, ती रजा काढते आणि गाडी घेऊन एकटीच दक्षिणेला जाते. भावांना वाटतं तिकडे तिचं कुणीतरी आहे.

मागच्या वर्षी मी हट्टाने तिच्याबरोबर गेले. कॅम्पवर कुठल्या कुठल्या कॉलेजांच्या नावा होत्या. ती रोज धक्क्यावर खुर्ची टाकून बसायची, थर्मासमधली कॉफी प्यायची, आणि एखादी नाव जिंकून आली की उभी राहायची. पोरं आपल्या तांडेलला फेकायची, ओरडत वर पळायची, आणि तो किंवा ती शिडीने वर येईपर्यंत विनी जागची हलायची नाही. एका थरथरणाऱ्या पोराने तिला विचारलं, "तुम्ही कुणाच्या आई?"

"कुणाची नाही. पळ, गारठशील," ती म्हणाली.

तो गेल्यावर मी विचारलं, "अजून आहे का ती खाली?"

"कुणास ठाऊक. त्यानंतर कधी आवाज आला नाही."

"मग कशाला येतेस गं दर वर्षी? संपलं ना ते?"

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही मला फेकलंत ना, तेव्हा मी खाली गेले आणि वर पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, फळ्या दिसत होत्या, आकाश दिसत होतं. धक्क्यावर कुणी नव्हतं."

"काहीतरीच काय बोलतेस!" मी म्हटलं. "आम्ही आठही जणी वाकून बघत होतो. एकही हलली नव्हती!"

"माहीत आहे मला," विनी म्हणाली. "तरी नव्हतं कुणी. तिला शेवटचं जे दिसलं असेल ना, तेच मला दिसलं. मी किती वेळ बघत होते."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी तोंड फिरवलं. पलीकडून एक नाव धक्क्याला लागत होती, पोरी आरडाओरडा करत होत्या. विनीने कॉफी खाली ठेवली आणि ती उठून कडेला जाऊन उभी राहिली.